कृतज्ञता आणि खांदेमळणी

चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत श्री म्हातोबाचे बगाड हिंजवडीहून वाकडच्या दिशेने निघते, तेव्हा जमलेल्या भाविकांचे डोळे बगाडावरील गळकऱ्यावर खिळलेले असतात. ते स्वाभाविकच आहे. बगाड बांधणारे, ते पुढे नेणारे, वाट मोकळी करणारे आणि उन्हात पाणी वाटणारे हात मात्र गर्दीत विरून जातात. पुष्कळदा दर्शनासाठी आलेला भाविक नवस फेडून, समाधानाने प्रसाद घेऊन घरी परततो. देवाचे देणे चुकते झाले, असे त्याला वाटते. परंतु देवाने जे दिले, ते कोणाच्या हातून दिले, हा प्रश्न त्याच्या मनात क्वचितच उमटतो.

‘कृतज्ञ’ या शब्दाचा अर्थ केलेले जाणणारा असा आहे. त्यात आनंदाचा उल्लेख नाही, गोड बोलण्याचाही नाही. केवळ जाणण्याचा आहे. त्याउलट ‘कृतघ्न’ म्हणजे केलेल्याचा घात करणारा. या दोन टोकांच्या मध्ये विसरणाऱ्यांची फार मोठी वस्ती आहे आणि बहुतेक सज्जन माणसे तिथेच राहतात. रामायणातील सुग्रीव त्यांपैकीच एक. श्रीरामांच्या कृपेने त्याला राज्य मिळाले, पत्नी परत मिळाली. पावसाळ्याचे चार महिने तो सुखात रमला आणि दिलेला शब्द विसरला. शेवटी संतप्त लक्ष्मण किष्किंधेच्या दारात येऊन उभा राहिला. सुग्रीव दुष्ट नव्हता. मिळालेले त्याच्या अंगवळणी पडले होते, एवढेच. चार महिने त्याला पुरेसे झाले. आपल्यापैकी अनेकांना एक आठवडाही पुरतो.

घरात तर हे अंगवळणी पडणे सर्वांत सहज घडते. मराठी घरात आईचे आभार मानले तर ती दचकते. ‘बरा आहेस ना?’ असे विचारते. आभार परक्याचे मानायचे, आपल्या माणसाचे नव्हेत, अशी आपली रीत. ती चुकीची नाही, कारण जिथे जिव्हाळा असतो तिथे औपचारिक शब्द टोचतो. परंतु शब्द नको म्हणता म्हणता जाणणेही सुटते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि संगणकावर काम करणारी मुले-मुली दिवसभर घरी बसू लागली. आई सकाळपासून रात्रीपर्यंत किती वेळा उठते, हे त्यांतील अनेकांनी तेव्हा प्रथमच पाहिले. तोपर्यंत त्यांना फक्त डबा दिसत होता.

मग शब्दांवाचून कृतज्ञता कशी व्यक्त व्हावी? याचे उत्तर शेतकऱ्याने फार पूर्वीच शोधून ठेवले आहे. पुणे जिल्ह्याच्या अनेक भागांत पोळा श्रावणाऐवजी भाद्रपद अमावास्येला साजरा होतो. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. बैलाला न्हाऊ घालून त्याच्या खांद्याला हळद आणि लोणी किंवा तूप चोळतात. शिंगांना रंग, पाठीवर झूल, पुरणपोळीचा घास हे सारे दुसऱ्या दिवशी. आदल्या संध्याकाळी हात जातो तो नेमका वर्षभर जू जिथे घासले, त्या जागी. ‘आभार’ या शब्दात भार आहे, याचे विस्मरण आपल्याला झाले असेल. या विधीला झालेले नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वर्षातून एक दिवस पुरणपोळी, आणि सण सरला की पुन्हा तेच जू! ही कृतज्ञता की बैलाची समजूत काढणे? जो शेतकरी केवळ रीत म्हणून हळद लावतो, त्याच्यापुरता हा आक्षेप खरा आहे. परंतु खांदा चोळणाऱ्या हाताला त्या वेळी सूज लागते, सोललेली कातडी लागते. खांदेसूज दिसल्यावर समंजस शेतकरी जखम भरेपर्यंत बैल जुंपत नाही. ती पाहूनही जो दुसऱ्या सकाळी जू ठेवतो, त्याच्या हळदीला काय म्हणावे? आईला अन्नपूर्णा म्हणायचे आणि जेवल्यावर ताट जागेवरच सोडून उठायचे. दिवाळीत सफाई कामगाराच्या हाती मिठाईचा पुडा ठेवायचा आणि त्याचा पगार मात्र रखडू द्यायचा, हीसुद्धा त्याच जातीची हळद आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. ज्याचे दाम मोजले, त्याचे उपकार कसले? बसचालकाला वेतन मिळते, खानावळीचे बिल भागवले जाते, जमिनीचा मोबदला दिलेला असतो. दाम चुकते करणे हे कर्तव्यच आहे आणि ते न करता केवळ गोड बोलणे ही लबाडी होय. परंतु दामाने भार पडल्याची गोष्ट पुसली जात नाही. मुळशी तालुक्याला हे कोणी शिकवण्याची गरज नाही. मुळा नदीवर धरण होऊ लागले, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी येथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट त्याचे अग्रणी होते. लढा १९२४ पर्यंत चालला, परंतु धरण थांबले नाही. पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरले, वीज मुंबईला गेली आणि मावळ्यांची भातखाचरे जलाशयाखाली गेली. मुंबईत दिवा लावणाऱ्या कुटुंबाचा यात काहीच अपराध नव्हता. त्याने विजेचे देयकही नियमाने भरले असेल. तरीही त्या उजेडाचे जू कोणाच्या खांद्यावर होते, हे त्याला ठाऊक असणे आणि नसणे यांत फरक आहे.

हिंजवडीच्या शिवारातही गेल्या शतकाच्या अखेरीस भूसंपादन होऊन राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले. त्यातून किती घरांना अन्न मिळाले! ते नाकारणे हीही कृतघ्नताच ठरेल. दसऱ्याच्या सुमारास तिथल्या कार्यालयांत संगणकाला फूल वाहिले जाते, हळदकुंकू लावले जाते. खंडेनवमीचा हा नवा अवतार पाहून कोणी हसतो. वस्तुतः त्यात हसण्यासारखे काही नाही. ज्याने भाकरी मिळते, त्याला हात जोडावेत ही जुनी बुद्धी नव्या साधनांपर्यंत पोहोचली, हे चांगलेच झाले. फक्त पूजेच्या वेळी मेजाशेजारी केरसुणी घेऊन उभी असलेली बाई कोणाच्या नजरेस पडते का, एवढे पाहावे. केरसुणीला लक्ष्मी मानणारी आपली परंपरा आहे.

आता गावात गोठे थोडे राहिले. ज्यांच्या दारी बैल नाहीत, ती घरे पोळ्याला मातीची जोडी आणतात, पाटावर मांडतात आणि मुलांच्या हस्ते पूजा करवितात. हेही उत्तमच. मात्र मातीच्या बैलाच्या खांद्यावरून कितीही बोटे फिरवली, तरी कुठे सूज लागत नाही. तिचा शोध त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात, जिन्यावर, फाटकापाशी घ्यावा लागतो.