निजलेली कुत्री

किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आधी डोंगर येतो. डोंगरावर तट, तटाला बुरूज, आत पाण्याची टाकी आणि ढासळलेले चौथरे. या कल्पना घेऊन मी स्कॉटलंडमधल्या क्रेगिव्हारला गेलो, आणि समोर जे उभे होते ते पाहून पहिल्यांदा हसूच आले. ॲबर्डीन शहराच्या पश्चिमेस सुमारे पंचवीस मैलांवर, हिरव्या उतरणीवर एक उंचच उंच गुलाबी घर उभे होते. ना खंदक, ना डोंगर! मुलांच्या गोष्टीतली राजकन्या वरच्या खिडकीतून डोकावील, असे त्याचे रूप.

अशा घराला तिकडे 'टॉवर हाऊस' म्हणतात. वाडा आडवा न पसरता उभा रचला, तर तो जसा होईल तसे हे घर. खालच्या भिंती जाड, साध्या आणि गप्प. नटवेपणा सगळा माथ्यावर. तिथे कोपऱ्याकोपऱ्याला लहान गोल बुरूज फुटले आहेत, त्यांवर टोपडी चढवली आहेत. आत शिरायला दार एकच, त्यामागे लोखंडी गजांचे जाळीदार फाटक. एकावर एक मजले, आणि त्यांना जोडणारा अरुंद, गरगर फिरणारा दगडी जिना.

हे घर पुरे केले विल्यम फोर्ब्स नावाच्या व्यापाऱ्याने. बाल्टिक समुद्रापलीकडच्या डांझिगशी, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्डान्स्कशी, व्यापार करून त्याने पैसा मिळवला, म्हणून लोक त्याला 'डांझिग विली' म्हणत. आधीचे मालक मॉर्टिमर पैशावाचून अडले. फोर्ब्सने १६१० साली ती जागा घेतली आणि १६२६ साली बांधकाम पुरे केले. पुढच्याच वर्षी तो वारला. घर बांधणारा आणि घरात राहणारा एकच असतो असे नाही, हे काही आपल्याला नवीन नाही.

त्याचे वंशज मात्र तिथे तीन शतकांहून अधिक काळ राहिले. १९६३ साली ते घर स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टकडे आले. दिवाणखान्याच्या छताची चुनेगच्ची नक्षी, चुलाणावरचे भलेमोठे राजचिन्ह, सारे जिथल्या तिथे आहे. वरच्या मजल्यांवर विजेचे दिवेसुद्धा लावलेले नाहीत. खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात पाहायचे, आणि दिवस कलला की अंधारालाही त्याचा हक्क द्यायचा. १८२० च्या दशकात त्या वेळच्या मालकाने हे जुने घर ठेवावे की पाडावे असा विचार चालवला होता. ॲबर्डीनच्या जॉन स्मिथ या वास्तुविशारदाने, हा आपल्या काळाचा उत्तम नमुना आहे, तो राखावा, असा सल्ला दिला. बांधणाऱ्यांची नावे आपण लक्षात ठेवतो. पाडू नका म्हणणाऱ्याचे नाव क्वचितच कुणाच्या ओठांवर येते.

जिना चढताना फोर्ब्स घराण्याच्या मानचिन्हापाशी मी थबकलो. तिथे जुन्या स्कॉट वळणाच्या भाषेत घराण्याचे वचन लिहिले आहे. त्याचा अर्थ असा: निजलेल्या कुत्र्यांना जागे करू नका.

आपण म्हणतो, जुनी मढी उकरू नयेत. त्यांची कुत्री निजलेली, आपली मढी पुरलेली; शहाणपण एकच. फोर्ब्सांना या शहाणपणाची गरजही असावी. शेजारच्या गॉर्डन घराण्याशी त्यांचे जुने वैर होते. फोर्ब्सांपैकी एकाने कुणा गॉर्डनला तलवारीच्या टोकाने रेटत खिडकीपर्यंत नेले आणि तो खाली पडून मेला, अशी एक दंतकथाही या घराविषयी सांगतात. ज्याच्या अंगणात कुत्री जास्त, तोच पाऊल हळू टाकायला शिकतो.

एरवी मी ते वचन वाचून पुढे गेलो असतो. पण माझ्याही घरी एक कुत्रे निजलेले आहे.

कोकणात आमचे वडिलोपार्जित आगर आहे. नारळ, सुपारी, थोडी आंब्याची कलमे. आजोबांचा धाकटा भाऊ तरुणपणीच गेला. मागे त्याची बायको आणि एक लहान मुलगी राहिली. विधवेला नवऱ्याच्या हिश्श्यावर हक्क देणारा कायदा १९३७ साली झाला होता. धाकट्या आजीला तो कुणी समजावून सांगितला असेल असे वाटत नाही. १९५१ साली तिने एका सोडपत्रावर अंगठा उठवला. पाचशे रुपये घेऊन आपण हक्क सोडला, असे त्यात आहे. आजोबा हिशेबाला इतके चोख, की पैशाच्या काडेपेटीचीही नोंद ठेवीत. त्या वर्षाच्या वहीत पाचशे रुपयांची नोंद नाही. मी ती वही तीनदा चाळली आहे.

धाकटी आजी आमच्याच पडवीत राहिली आणि तिथेच वारली. तिची मुलगी, म्हणजे आमची आत्या, आज ऐंशीच्या पुढे आहे. काकांनी बापाच्या मायेने वाढवले, लग्न करून दिले, असे ती आजही डोळ्यांत पाणी आणून सांगते. ते खोटेही नाही. दर भाऊबीजेला ती माझ्या वडिलांना ओवाळायला येई. वडील गेले, तरी ती येतेच. आम्ही तिच्या हाती ओवाळणी ठेवतो. ते पैसे आगराच्या उत्पन्नातले असतात. म्हणजे निदान निम्मे तिचेच. तिचेच तिला देऊन आम्ही वर आशीर्वाद घेतो!

हा कागद मला सापडून वीस वर्षे झाली. धाकट्या भावाला दाखवला, तेव्हा तो म्हणाला, "दादा, मढी कशाला उकरतोस? आत्या सुखात आहे. तिच्या काकांना तिच्यापासून हिरावून घेऊन तुला काय मिळणार?" मला उत्तर सुचले नाही. प्रश्नही खोटा नव्हता. सत्य सांगितले म्हणजे सांगणाऱ्याचे मन हलके होते; ऐकणाऱ्याच्या मनावर किती ओझे पडते, याचा विचार सत्यवादी माणसे फारशी करीत नाहीत. मग मौन ही दयाच नव्हे काय?

याचे उत्तर मला त्या घराच्या भिंतींनी दिले. निदान उत्तराची वाट दाखवली.

क्रेगिव्हारच्या भिंती ग्रॅनाइटच्या, जोड चुन्यात घेतलेले. बाहेरून त्यांवर चुना आणि बारीक खडी यांचा गिलावा फेकून मारलेला. विसाव्या शतकात कधीतरी दुरुस्ती करताना चुन्याऐवजी सिमेंटचा गिलावा वापरला गेला. हेतू वाईट नव्हता. सिमेंट कठीण, टिकाऊ, गुळगुळीत. पण जुनी भिंत श्वास घेते. तिच्यात पावसाची ओल शिरते आणि चुन्याच्या अंगातल्या बारीक छिद्रांतून पुन्हा उडून जाते. सिमेंटने ती वाट बुजते. कुठल्याशा तड्यातून पाणी आत जाते, बाहेर पडू शकत नाही. वरून भिंत ठणठणीत, आतून ओली. शेवटी २००७ ते २००९ या काळात तो सगळा गिलावा खरवडून काढला आणि चुन्याचा चढवला. अलीकडे त्यावर पुन्हा गुलाबी चुन्याचे हात दिले, आणि २०२४ साली घर पाहायला खुले झाले. चुन्याचे काम कधी संपत नाही. ते अधूनमधून करावेच लागते, जशी आपण दिवाळीपूर्वी घराला सफेदी करीत असू.

मौनाचेही असेच दोन प्रकार असावेत. काही दुःखे बोलून संपलेली असतात, दोन्हीकडच्या माणसांनी ती ओळखलेली असतात, आणि मग त्यांवर मौनाचा पातळ हात फिरतो. ते मौन चुन्याचे. आतली ओल त्यातून हळूहळू उडून जाते. गॉर्डन आणि फोर्ब्स आज त्या खिडकीपाशी शेजारी उभे राहून हसू शकतात, कारण दोघांनाही गोष्ट ठाऊक आहे. ते कुत्रे खरोखरच निजले आहे. पण जिथे एकालाच ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाही, तिथे कुत्रे निजलेले नसते. त्याला अफू घातलेली असते. ते मौन सिमेंटचे.

आणि दयेचे काय? इथे मला एक साधी गोष्ट वीस वर्षे दिसली नाही. आत्याचे मन दुखू नये म्हणून मी गप्प होतो, हे खरे. पण त्या गप्प राहण्याचे नारळ माझ्या घरी येत होते. ज्या मौनात आपला लाभ आहे, त्याला दया म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. कदाचित ती दया असेलही. पण न्यायाधीशच वाटेकरी असेल तर निकाल कोण मानणार? तेव्हा क्रम उलटा हवा. आधी लाभ सोडावा, मग बोलावे की न बोलावे याचा विचार करावा. हात रिकामे झाल्यावर जे मौन उरेल, ते कदाचित दयेचे असेल.

भावाशी पुन्हा बोललो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "निम्म्याच्या खाली जाऊ नकोस." मला वाटते, कागद पाहिल्यापासून तोही नीट निजला नसावा.

आजोबांचा फोटो भिंतीवरून काढायचा का, हाही प्रश्न आला. नाही काढणार. ज्यांनी त्या मुलीला वाढवले आणि ज्यांनी तिच्या आईचा अंगठा घेतला, ते एकच गृहस्थ होते. जुने वास्तू राखणे म्हणजे केवळ त्याचा देखणा माथा राखणे नव्हे. खालच्या गप्प भिंतीही राखाव्या लागतात.

यंदाच्या भाऊबीजेला आत्या येईल. तबकात नोटांऐवजी निम्म्या आगराचे कागद असतील. चष्मा पुसून ती ते उलटेसुलटे करील आणि विचारील, "हे कशाबद्दल रे?"

तिने विचारले, तर मी सांगेन.