छत्तिसावा दिवस

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातला मुक्काम ३५ दिवसांचा असतो. १९८६ साली पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या पाठबळावर डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते सुरू केलं. व्यसनी माणूस हा आजारी माणूस आहे, ही गोष्ट तेव्हापासून महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांनी हळूहळू मान्य केली. कामाच्या जागेने ती अजून मान्य केलेली नाही. पस्तीस दिवस सांभाळलेला माणूस छत्तिसाव्या दिवशी कारखान्याच्या गेटवर येतो, तेव्हा त्याचं नेमकं काय करायचं हे तिथे कुणालाच ठाऊक नसतं. त्यालाही नाही, सुपरवायझरलाही नाही.

‘आधी सहा महिने न पिता राहून दाखव, मग बघू,’ असं मालक म्हणतात. ऐकायला हे रास्त वाटतं. पण ते सहा महिने त्याने काढायचे कशाच्या जोरावर? सकाळी उठून जायला ठिकाण नाही, खिशात स्वतःचा पैसा नाही, घर बायकोच्या कमाईवर चाललेलं, आणि समोर पसरलेला रिकामा दिवस. नुकतीच दारू सुटलेल्या माणसासाठी याहून धोक्याची अवस्था मला माहीत नाही. सुधारल्याची खात्री पटली की मग नोकरी, हा क्रमच मुळात उलटा आहे. कामावर परतणं हा उपचाराचाच पुढचा टप्पा आहे, आणि तो वेळेत आला नाही तर आधीच्या पस्तीस दिवसांची मेहनत पाण्यात जाते.

ही मेहनत किती थोड्यांच्या वाट्याला येते तेही पाहायला हवं. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झालं. त्यानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळतो. गेटवर उभा असलेला माणूस हा त्या ३८ मधला एक आहे. बाकीचे सदतीस अजून उपचाराच्या दारापर्यंतही पोचलेले नाहीत, आणि जो पोचला त्याला आपण गेटवरून माघारी धाडतो.

कायद्यातही या माणसाची दोन रूपं आहेत. कारखान्याच्या स्थायी आदेशांत दारू पिऊन कामावर येणं आणि रजेशिवाय वारंवार गैरहजर राहणं हे गैरवर्तन मानलेलं असतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मात्र दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांना आजाराच्या व्याख्येत घेतो. मला या दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. प्रेस मशीनवर पिऊन उभा राहणारा माणूस स्वतःचीच नव्हे, शेजारच्याचीही बोटं धोक्यात घालतो, आणि त्या शेजाऱ्याचा राग खोटा नाही. आजार आहे म्हणून सगळं माफ, असं मी म्हणणार नाही. पण वर्तनाची शिक्षा वर्तनाला व्हावी, आणि आजाराची वागणूक आजारासारखी असावी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली कामाच्या जागेवरच्या दारू आणि अमली पदार्थांच्या प्रश्नासाठी आचारसंहिता प्रसिद्ध केली. तिचा गाभाही हाच आहे: हा प्रश्न इतर आरोग्यप्रश्नांसारखाच भेदभाव न करता हाताळावा.

मग परतणाऱ्याला हवं तरी काय असतं? एका फॉलोअपच्या बैठकीत एक फिटर सांगत होता. कामावर परत घेतलं याचा त्याला आनंद होता, पण रोज गेटवर वॉचमन फक्त त्याचंच तोंड हुंगायचा. सुपरवायझर सगळ्यांदेखत विचारायचा, ‘काय रे, आज कोरडाच ना?’ मशीन काढून घेऊन त्याला स्टोअरमध्ये बसवलं होतं. तिथे नटबोल्ट मोजण्यापलीकडे काम नव्हतं. पहिल्या पगाराला गेटबाहेर उधारीवाले उभे होते, आणि पतपेढीचा हप्ता आधीच कापला गेला होता. हातात आलेल्या नोटा तो बोटांनी मोजून दाखवत होता. ‘एवढ्यात घरी काय देऊ, असं वाटलं आणि पाय तिकडे वळले.’ त्या दिवशी तो पिऊन घरी गेला. दुसऱ्या दिवशी कामावर गेलाच नाही. पिण्यापेक्षा ते न जाणंच त्याला जास्त महागात पडलं.

या माणसाला दयेची गरज नव्हती. गरज होती ती एका कागदाची. परतण्याच्या दिवशी कामगार, व्यवस्थापन, केंद्राचा समुपदेशक आणि युनियन असेल तर तिचा माणूस, यांनी एकत्र बसून लिहिलेला साधा करार. पहिले काही महिने रात्रपाळी नाही, कारण दारू सुटल्यावर झोप नीट बसायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. फॉलोअपच्या दिवशी दोन तासांची सवलत. धोक्याच्या मशीनवर परत कधी जायचं याची ठरलेली तारीख, आणि तोवर खरंखुरं काम. श्वासाची तपासणी करायची तर त्या मशीनवरच्या सगळ्यांची करावी. पगाराचा काही भाग त्याच्याच संमतीने थेट घरच्या खात्यात, आणि देणी फेडायचे हप्ते आधीच बोलून ठरवलेले. त्याच्या आजाराबद्दल कुणाला किती सांगायचं, हेही त्यातच लिहिलेलं असावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्लिप झाली तर काय करायचं. घसरण होऊ शकते हे या आजारात गृहीतच धरायचं असतं. ‘पुन्हा प्यायलास तर घरी’ अशी धमकी दिलेला माणूस प्यायल्यावर ते लपवतो. ‘प्यायलास तर मशीनवर येऊ नकोस, पण त्याच दिवशी कळव, आपण केंद्रात फोन करू’ असं सांगितलेला माणूस निदान फोन तरी करतो. कराराला शेवट असावा, तिसऱ्या-चौथ्या वेळी नोकरी जाऊही शकते. पण तो शेवट आधी माहीत असावा.

हे अवास्तव आहे असं वाटणाऱ्यांनी विमानसेवेकडे पाहावं. उड्डाणापूर्वीच्या तपासणीत वैमानिक दारू प्यायलेला आढळला तर पहिल्या वेळी त्याचा परवाना तीन महिने निलंबित होतो, दुसऱ्या वेळी तीन वर्षे, आणि तिसऱ्या वेळी कायमचा जातो. ही उपचाराची योजना नव्हे, शिक्षाच आहे. तरीही शेकडो प्रवाशांचा जीव ज्याच्या हाती, त्याच्यासाठीसुद्धा परतीची वाट नियमांत लिहून ठेवलेली आहे. फिटरसाठी ती कुठे लिहिलेली आहे?

अर्थात फिटरचं नशीब बरं म्हणायला हवं. त्याला गेट तरी आहे. बिगारी, हमाल, शिफ्टवर रिक्षा चालवणारा, हॉटेलातला वेटर यांना ना रजा, ना एचआर. पस्तीस दिवस खाडा म्हणजे काम गेलंच. मुकादम संध्याकाळी रोख मजुरी देतो ती नाक्यावर, आणि नाक्यावरच देशी दारूचं दुकान असतं. इथे करार कुणाशी करणार? तरी काही गोष्टी होऊ शकतात. मजुरी आठवड्याने आणि खात्यावर दिली तरी मोठा फरक पडतो. फॉलोअप रविवारी आणि रात्री उशिरा ठेवले तर रोजंदारीवरचा माणूस येऊ शकतो. ज्या केंद्रांना कामगारांची काळजी आहे त्यांनी आपलं वेळापत्रक कामगाराच्या घड्याळाला जुळवावं, एवढी अपेक्षा फार नाही.

याहून अवघड प्रश्न अशा कामांचा आहे, जी शुद्धीत करवतच नाहीत. गटारात उतरणारे, कचऱ्याच्या ढिगात उभे राहणारे, शवागारात मृतदेह हाताळणारे कितीतरी कामगार सांगतात, पोटात घेतल्याशिवाय वास सहन होत नाही. हाताने मैला साफ करायला लावणं २०१३ च्या कायद्याने बंद केलं आहे, आणि संरक्षक साधनांशिवाय गटार वा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईला लावणंही तोच कायदा मना करतो. तरीही गुदमरून मेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. अशा माणसाची दारू सोडवायची आणि छत्तिसाव्या दिवशी त्याला त्याच मॅनहोलपाशी उभं करायचं, याला पुनर्वसन म्हणवत नाही. दारू हा त्याचा आजार खरा, पण तो त्याला कामाने दिलेला आहे. इथे बदलायचं ते काम. उपचार घेतलेल्या सफाई कामगाराला महापालिकेने पगार न कापता निदान वर्षभर कोरड्या कामावर घ्यावं: बागेत, पंप हाउसवर, कार्यालयात. हे मुकादमाच्या मर्जीवर न सोडता परिपत्रकाने व्हावं. आणि जिथे माणसं कंत्राटी आहेत, म्हणजे हल्ली बहुतेक ठिकाणी, तिथे ही अट निविदेतच घालावी. निविदा काढणारी महापालिकाच असते, त्यामुळे ते तिच्या हातात आहे.