वाडा, भाडेकरूंसकट

कसबा पेठेत, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर, एक दुमजली वाडा विकायला निघाला होता. २०२४ च्या सप्टेंबरात भुयारी मेट्रो कसब्यापर्यंत आली आणि पेठेतल्या पडक्या भिंतींनाही भाव आला. तरी हा वाडा रविवार पेठेतल्या एका भांड्यांच्या व्यापाऱ्याला बेताच्या किमतीत मिळाला, कारण आत पाच बिऱ्हाडं होती.

भाडं बिऱ्हाडामागे महिना ६० रुपये. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली ती गोठलीच. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली, पण साठावर ४ टक्के म्हणजे २ रुपये ४० पैसे. एवढ्यात जुना मालक वाडा कसला राखणार? त्याचं गाऱ्हाणं खोटं नव्हतं.

खरेदीखत झालं त्या संध्याकाळी दलाल म्हणाला, "शेठ, दोन गोष्टी सांभाळा. भाडं घेऊ नका आणि कौलं शाकारू नका. दोन पावसाळ्यांत वाडा बसतो. महापालिकेची धोकादायक म्हणून नोटीस लागली की बिऱ्हाडं आपोआप पांगतात."

माणसांना घराबाहेर काढायचं काम पावसावर सोपवायचं, ही रीत जुन्या पेठांना नवी नाही. कुणी हात उचलत नाही, कुणी शिवी देत नाही, म्हणून ती सभ्य वाटते. मला ती उघड दांडगाईपेक्षा वाईट वाटते.

वकिलाने व्यापाऱ्याला सावध केलं. इमारत जमीनदोस्त झाली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. दलालाकडे त्यालाही उत्तर होतं. "हक्क राहील हो. पण कोर्टात वीस वर्षं जातात. वरच्या आजींकडे वीस वर्षं आहेत का?"

व्यापारी काही बोलला नाही. त्या मे महिन्यात वाड्याच्या कौलांना कुणी हात लावला नाही.

आषाढात चार दिवस झड लागली, तेव्हा किती पडझड झाली ते बघायला तो गेला. दिंडीतून वाकून आत शिरला तर चौकात पाणी तुंबलेलं नव्हतं. मोरीच्या तोंडाशी काढलेला गाळ घमेल्यात भरून ठेवला होता. माजघरात वाकलेल्या तुळईखाली बाभळीचा टेकू उभा होता. भार पसरावा म्हणून वर फळी ठोकलेली, ओलीने बूड कुजू नये म्हणून खाली दगडी तळखडा. छपरावर एक कॉलेजातला मुलगा फुटकी कौलं काढून त्यांच्या जागी पडवीची जुनी कौलं सरकवत होता.

व्यापारी चिडला. "हे कुणी सांगितलं तुम्हाला? वाडा माझा आहे!"

"आहेच हो," वरच्या आजी म्हणाल्या, "पण पाऊस आमच्या डोक्यावर पडतो."

तळमजल्यावरचे सुतारकाका हात पुसत पुढे आले. त्यांना कायदा पाठ होता. मालक दुरुस्ती करत नसेल तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. "म्हणजे १८० रुपये, शेठ. त्यात खिळेसुद्धा येत नाहीत. म्हणून आम्ही वर्गणी काढतो. दर वर्षी."

आजींनी पत्र्याच्या डब्यातून दोऱ्याने बांधलेली एक चळत काढली. आधीच्या मालकाने न घेता परत धाडलेल्या मनीऑर्डरींच्या पावत्या होत्या. भाडं थकवलं म्हणून दावा लागू नये, यासाठी त्यांनी एकूण एक जपली होती. व्यापाऱ्याने दोरा सोडला आणि जिन्यात बसून त्या सगळ्या वाचल्या.

आठवड्याने तो बांधकाम तपासणारा अभियंता घेऊन आला. अभियंत्याने खांब ठोकून पाहिले, टेकूपाशी रेंगाळला आणि म्हणाला, "जुन्या मालकाने वाडा बरा राखलाय."

"मालकाने नाही," व्यापारी म्हणाला.

दलालाचा फोन आला तेव्हा त्याने सांगितलं, "आता त्या कामासाठी येऊ नका." मग पाचही बिऱ्हाडांना चौकात बोलावून तो सरळ बोलला. वाडा जन्मभर पुरणार नाही, कधीतरी पाडून बांधावाच लागेल. पण तेव्हा पाचही जणांना नव्या इमारतीत जागा मिळेल, आणि ते आजच स्टँप पेपरवर लिहून ठेवायचं. तोवर कौलांचा खर्च त्याचा, मजुरीत भाडेकरूंचा वाटा. सुतारकाकांनी मजुरीचा आकडा खाली आणायला लावला. थोडी बाचाबाची झाली, मग जमलं.

शेवटी त्याने पिशवीतून पावतीपुस्तक काढलं आणि भाडं घ्यायला बसला. आजींनी आपली पावती चष्म्याजवळ नेऊन महिना, रक्कम, सही, सगळं तपासलं आणि डब्यात टाकली.

"भाडं पोचलं," त्या म्हणाल्या. "आता जिन्याची तिसरी पायरी बघून घ्या. निसटलीय."