रिकाम्या पानावरची पंगत

लेकीकडे डॅलसजवळच्या प्लेनोला गेलो होतो. 28 सप्टेंबर 2024च्या संध्याकाळी जावयाने मला सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे तिथल्या बोलण्यातल्या ‘एसएमयू’च्या मैदानावर नेलं. अमेरिकन फुटबॉल मला तेव्हाही कळत नव्हता, आजही कळत नाही. पण सामन्याआधी झाडांखाली लागलेले तंबू, घरून आणलेले डबे, लाल-निळे शर्ट चढवून नातवंडांसह आलेले सत्तरीचे माजी विद्यार्थी, हे कळायला नियम कशाला लागतात? जत्राच ती.

‘बाबा, आपल्याला घेऊ नका म्हणणारेच आज आपल्या अंगणात आलेत,’ जावई म्हणाला. तो इथलाच एमबीए, त्यामुळे ‘आपल्याला’.

अंगणात आला होता फ्लोरिडा स्टेटचा संघ. वर्षभरापूर्वी, सप्टेंबर 2023मध्ये, अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने एसएमयू, स्टॅनफर्ड आणि ‘कॅल’ म्हणजे बर्कलीची युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया यांना आत घेण्यावर मतदान केलं. पंधरापैकी बारा मतं लागत होती, नेमकी बाराच पडली. विरोध करणाऱ्या तिघांत फ्लोरिडा स्टेट होती. डॅलसपासून अटलांटिक शेकडो मैल दूर, स्टॅनफर्ड तर पॅसिफिकच्या बाजूला. पण तिथे आता नावाकडे कोणी बघत नाही. ‘बिग टेन’ नावाच्या कॉन्फरन्समध्ये अठरा विद्यापीठं आहेत.

रणजीत प्लेट गटातला संघ चांगला खेळला की एलिट गटात चढतो. इथे तशी शिडीच नाही. कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या आणि टीव्हीचे पैसे वाटून घेणाऱ्या विद्यापीठांचं मंडळ. कोणाला घ्यायचं ते आत बसलेले ठरवतात. 1984मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सामने टीव्हीला विकण्याची विद्यापीठीय खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची मक्तेदारी मोडली. तेव्हापासून या मंडळांच्या हाती पैसा खेळू लागला आणि कोण कोणाच्या पंगतीला बसतं याला महत्त्व आलं.

एसएमयूने पंगतीत जागा मिळवली ती अजब अटीवर. पानावर बसायचं, पण नऊ वर्षं वाढून घ्यायचं नाही. कॉन्फरन्सच्या टीव्ही कराराचा वाटा त्यांनी नऊ वर्षांसाठी सोडला. स्टॅनफर्ड-कॅलनेही सुरुवातीला कमी वाटा पत्करला, पण निदान तीस टक्के तरी घेतला. एसएमयूच्या धनाढ्य माजी विद्यार्थ्यांनी मात्र आठवड्याभरात दहा कोटी डॉलर उभे केले.

हे सगळं ऐकताना मला राहून राहून वाटत होतं की हा पैसा ओळखीचा आहे. ऐंशीच्या दशकात एसएमयूचा संघ देशातल्या अव्वल संघांत होता, आणि त्यामागे देणगीदारांनी खेळाडूंना गुपचूप दिलेली पाकिटंही होती. तेरा खेळाडूंना मिळून सुमारे 61,000 डॉलर. आधीच्या गुन्ह्यांची शिक्षा भोगत असतानाच हे चालू होतं. फेब्रुवारी 1987मध्ये शिक्षा झाली, तिला तिकडे ‘डेथ पेनल्टी’च म्हणतात: 1987चा अख्खा हंगाम रद्द. 1988चा विद्यापीठाने स्वतःच सोडला. विद्यापीठाच्या कारभारी मंडळाचे माजी अध्यक्ष आणि तेव्हाचे टेक्सासचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स यांनी नंतर कबूल केलं, की पाकिटं चालू ठेवण्याचा निर्णय त्यांना ठाऊक होता, मान्यही होता.

पुढच्या वीस हंगामांत विजय पराभवांपेक्षा जास्त, असा हंगाम एकच. 1996मध्ये जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स मोडली तेव्हा टेक्सासमधल्या चार विद्यापीठांना ‘बिग ट्वेल्व्ह’ने उचललं, एसएमयूला नाही. मग या कॉन्फरन्समधून त्या कॉन्फरन्समध्ये, भाड्याच्या घरासारखं. आणि आता? 2021पासून खेळाडूने स्वतःच्या नावावर कमवायला मुभा, 2025पासून विद्यापीठानेच त्याला थेट पैसे द्यायलाही. ज्या पैशाने एसएमयू बुडाली, त्याच पैशाने ती वर आली. बदलला तो नियम. याला सुधारणा म्हणावं की नुसतं उघडं पडणं, माझं मत दुसरीकडे झुकतं. तरी गुपचूप पाकिटापेक्षा खेळाडूच्या हातात राजरोस पडणारा पैसा मला बरा वाटतो.

त्या संध्याकाळी एसएमयूने फ्लोरिडा स्टेटला 42-16ने हरवलं. शेजारचे म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले ते बसेचनात, आणि मीही उगाच उभा. त्या हंगामात कॉन्फरन्समधले आठच्या आठ साखळी सामने त्यांनी जिंकले. अंतिम सामन्यात क्लेमसनने शेवटच्या क्षणी मारलेल्या लाथेवर ते 34-31ने हरले. क्लेमसनचंही मत विरोधात होतं.

पण मोठ्या पंगतीतली जागा कायमची असते, हे मला पटत नाही. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ‘पॅक-ट्वेल्व्ह’मधून दहा विद्यापीठं 2024मध्ये उठून गेली. मागे राहिली वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट, जुनी, रीतसर सभासद. अटलांटिकवाल्यांतही फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन कॉन्फरन्सविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. मार्च 2025मध्ये तडजोड झाली, बाहेर पडण्याचा दंड वर्षागणिक उतरवायचं ठरलं. 2030-31पर्यंत तो साडेसात कोटी डॉलरवर येईल.

एसएमयूच्या पानात पूर्ण वाढप सुरू होणार 2033मध्ये. परतताना गाडीत हा हिशेब मला माहीत नव्हता. नंतर फोनवर जावयाला सांगितला, तर म्हणाला, ‘बाबा, पुढच्या हंगामाला याल ना? तिकिटं काढून ठेवतो.’