हाताखालून आणि हाताखाली

हेदवीत दशभुजा गणेशाच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर संध्याकाळी दोन-चार निवृत्त मास्तर हमखास भेटतात. तासाभराच्या गप्पांत एक वाक्य चारदा तरी येतं, "तो ना? माझ्या हाताखालून गेलाय." तो म्हणजे कधी मुंबईतला डॉक्टर, कधी चिपळूणचा वकील. मीही त्याच घोळक्यातला. पण हाताखालून गेलेला एक जण एकदा माझ्या शाळेत विस्तार अधिकारी म्हणून तपासणीला आला, तेव्हा हे वाक्य माझ्या तोंडून फुटेना. मी खुर्ची रिकामी केली, तो म्हणाला, "बसा ना गुरुजी," आणि बसता बसता त्याने माझ्या टाचणवहीतली चूक दाखवली. दिवसभर माझा घास गोड लागला नाही.

त्या दिवसापासून मला धोंडो केशव कर्वे वेगळे दिसू लागले. आम्ही त्यांना महर्षी करून भिंतीवर लावलं. त्यांचं गाव मुरूड तसं आम्हाला जवळचं. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरलं की दापोली तालुका सुरू. मुरूडच्या शाळेत त्यांना सोमण गुरुजी भेटले. हे गुरुजी या लाजऱ्या मुलाला गावकऱ्यांसमोर वर्तमानपत्र वाचायला बसवत. मला हा धडा फार मोठा वाटतो. मोठ्या माणसांनी ऐकायचं आणि पोराने वाचायचं! आमच्या वर्गात ऐकण्याचं काम कायम पोरांकडेच.

1875 साली सतरा वर्षांचा धोंडू परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत चालत गेला. घाट, पाऊस, चिखल. तिथे साहेबांनी पाहिलं आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. पोर परत चालत घरी. पुढे कोल्हापूरला परीक्षा दिली, मुंबईत मॅट्रिक झाले, 1884 साली बी.ए. ही हकिकत आम्ही मुलांना जिद्दीचा नमुना म्हणून सांगतो, तशी सांगावीही. मला मात्र ती शिकवणाऱ्यांसाठी जास्त कामाची वाटते. समोरच्या मुलाचं वय, उंची, आडनाव बघून 'हा त्यातला नव्हे' असं आम्ही किती जणांना परत पाठवलं असेल, त्याची नोंद कुठल्या हजेरीपटात नसते.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. कर्वे मुंबईत शिकवण्या करून पोट भरत होते, तेव्हा त्यांनी नात्यातला एक धाकटा भाऊ स्वतःकडे शिकायला आणून ठेवला. मुर्डीचा रघुनाथ परांजपे. 1891 साली गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून कर्वे पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवायला गेले. टिळक ते महाविद्यालय सोडून गेल्यामुळे ती जागा रिकामी झाली होती. रघुनाथही तिथेच शिकला. 1899 साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला येऊन तो सीनियर रँग्लर झाला; हिंदुस्थानातला पहिलाच. इथवर गोष्ट सर्वांच्या तोंडी आहे. पुढचं वाक्य फारसं कुणी म्हणत नाही. 1902 साली परत आलेला हा सव्वीस वर्षांचा तरुण फर्ग्युसनचा प्राचार्य झाला आणि चव्वेचाळीस वर्षांचे अण्णा, म्हणजे कर्वे, त्याच महाविद्यालयात गणित शिकवत राहिले. 1914 साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे बारा वर्षं. हाताखालून गेलेल्याच्या हाताखाली!

त्यांना त्याचं काही वाटलं नसेल का? माणूसच तो. पण बहुधा त्यांना तेवढी उसंत नसावी. विधवांसाठी 1896 साली काढलेला आश्रम 1900 साली हिंगण्याला गेला होता, आणि वर्ग संपले की ते पुण्याहून तिकडे पायी जात. 1893 साली विधवा गोदूबाईंशी लग्न केलं म्हणून मुरूडने बहिष्कार घातला होता. ज्या गावाला त्यांनी वर्तमानपत्र वाचून दाखवलं, त्याच गावाने दार लावलं. एवढं सोसलेल्या माणसाला खुर्ची कुणाची, हा प्रश्न किती छळणार? हा अर्थात माझा तर्क, त्यात थोडी माझ्या लाजेची भर.

पुढे महिला विद्यापीठ आलं, भारतरत्नही आलं. मला मात्र 1936 सालचे अण्णा आठवतात. वय अठ्ठ्याहत्तर, आणि काम कोणतं, तर ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापून वर्गणी गोळा करणं. विद्यापीठ काढून झाल्यावर माणूस पुन्हा पहिलीच्या वर्गाशी आला होता, सोमण गुरुजींच्या वर्गाशी.

राहिली माझी टाचणवही. त्या अधिकाऱ्याने दाखवलेली चूक खरी होती. भागाकाराच्या पाठात मी वर्षानुवर्षं तेच चुकीचं उदाहरण उतरवत आलो होतो. म्हणजे तो माझ्या वर्गात होता तेव्हाही. ती चूक मी दुसऱ्या दिवशी दुरुस्त केली, तो गेल्यावर, दार लावून.