उदक सोडले की नाही?

दान म्हणजे काय? शास्त्रकार दोन अंगे सांगतात. वस्तूवरचा आपला हक्क सुटला पाहिजे, आणि घेणाराचा हक्क तिच्यावर बसला पाहिजे. म्हणूनच देताना उदक सोडायचे. हक्क सुटला नाही, तर पोते हातातून गेले तरी दान झाले नाही.

आमच्या नाशिकचेच पाहा. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टात गोदामाईला मोठा पूर आला. पाणी किती चढले, हे येथला माणूस दुतोंड्या मारुतीकडे पाहून ओळखतो. कमरेला लागले, छातीला लागले, की कोणाला आधी हलवायचे हे त्याला उमगते. बाहेरच्या दात्याला हे कसे कळावे? आम्हीही एका पुरानंतर कीर्तनात झोळी फिरवली आणि लुगडी घेऊन गेलो. एक म्हातारी म्हणाली, "बुवा, लुगडं हाय, पर चुलीला कोरडं सरपण नाय." आम्ही विचारलेच नव्हते!

२०१६ सालीच इस्तंबूल येथे मोठ्या दात्या राष्ट्रांनी व संस्थांनी ठरवले की, संकटकाळच्या मदतनिधीचा निदान चौथा हिस्सा २०२० पर्यंत शक्य तितका सरळ त्या त्या देशातील लोकांच्या हाती द्यावा. मुदत गेली, शब्द पुरा झाला नाही. पैसा सुटतो हो, हक्क सुटत नाही.

कोणी म्हणेल, "महाराज, गावचा पुढारी सोयऱ्याधायऱ्यांनाच वाटील, त्याचे काय?" शंका खरी आहे. गावचा म्हणून कोणी साधू होत नाही. पण उत्तर आपल्याच वाटेवर आहे. माउलींच्या पालखीत प्रत्येक दिंडी आपली माणसे आपण सांभाळते. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि टाळ थांबतात. जिची तक्रार असेल, त्या दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहतात. मग चोपदार तेथे जातो, गाऱ्हाणे ऐकतो. आधी गाऱ्हाणे, मग आरती!

मदतीचेही असेच व्हावे. निर्णय गावाचा, हिशेब भर चावडीत, आणि रांगेत सर्वांत मागे उभ्या असलेल्या विधवेलाही टाळ वाजवण्याचा हक्क. दात्याने चोपदारासारखे तिच्यापाशी चालत जावे.

सज्जनहो, पुढच्या वेळी द्याल तेव्हा आधी विचारा, मग द्या, आणि दिल्यावर मूठ खरोखर उघडली का, हे आपल्याच मनाला विचारा. आम्हीही तेच शिकतो आहोत.