उच्च न्यायालयाची सनद

अमरावतीच्या वा अकोल्याच्या जिल्हा न्यायालयात निकाल विरुद्ध गेला, की वऱ्हाडातला पक्षकार निकालाची नक्कल घेऊन अपिलासाठी नागपूर खंडपीठाची वाट धरतो. परंतु जे न्यायमूर्ती त्याच्या धुऱ्याचा वा वाटणीचा कज्जा निकालात काढणार, त्यांना त्या आसनावर कोणी आणि कोणते गुण पारखून बसविले, याची विचारपूस तो क्वचितच करतो.

१९३६ साली नागपूरला उच्च न्यायालय स्थापन झाले, तेव्हा अशा विचारपुशीला जागाच नव्हती. नेमणूक बादशहाच्या सहीने होई. प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो संविधान सभेत. २४ मे १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी तीनही मार्ग पारखले: इंग्लंडप्रमाणे सर्व अखत्यार मंत्रिमंडळाच्या स्वाधीन करणे त्यांना धोक्याचे वाटले, अध्यक्षाने नाव सुचवावे आणि सिनेटने त्यास मंजुरी द्यावी, ही अमेरिकेतील रीत त्यांना अवजड आणि राजकीय दडपणास वाव देणारी वाटली, आणि सरन्यायाधीशाच्या संमतीवाचून नेमणूक होऊ नये या सूचनेवर, तो कितीही थोर असला तरी अखेर मनुष्यच आहे, असा त्यांचा आक्षेप होता.

सल्लामसलतीचा मधला मार्ग ठरला खरा; परंतु १९७३ व १९७७ मध्ये ज्येष्ठांना डावलून सरन्यायाधीश नेमले गेले आणि सरकारच्या हेतूंविषयी खोल शंका रुजली. १९८१ च्या निकालाने अखेरचा शब्द सरकारकडेच ठेवला, १९९३ च्या निकालाने तो न्यायमूर्तींकडे आणला, आणि संसदेने २०१४ मध्ये योजिलेला नियुक्ती आयोग २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरला. आंबेडकरांनी नाकारलेला सरन्यायाधीशाच्या संमतीचा मार्गच, एका व्यक्तीऐवजी ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाकडे सोपवून, आपण स्वीकारला. त्यास सबळ कारण होते, हे मी मान्य करतो. पण मंडळाचे दार लोकांना बंदच राहिले.

अमरावतीत नगरपालिकेच्या शाळेत शिकलेले आणि नागपूर खंडपीठात वकिली केलेले भूषण गवई १४ नोव्हेंबर २००३ रोजी अतिरिक्त न्यायाधीश झाले आणि १२ नोव्हेंबर २००५ रोजी कायम झाले. या दरम्यानची दोन वर्षे अतिरिक्त न्यायाधीशाच्या दृष्टीने मोठ्या कसोटीची, कारण सरकारविरुद्ध निकाल देणाऱ्या त्याच लेखणीचे भवितव्य पुढच्या शिफारशीवर टांगलेले असते. २०१९ मध्ये गवई यांना सर्वोच्च न्यायालयात घेण्याची शिफारस झाली तेव्हा मात्र कारणे प्रसिद्ध झाली. त्यांत ज्येष्ठता आणि गुणवत्ता यांबरोबरच, सुमारे दशकभरानंतर अनुसूचित जातीचे न्यायमूर्ती त्या न्यायासनावर येतील, हेही स्वच्छ लिहिले होते. ते वाचून कोणीही सहमत व्हावे वा वाद घालावा. १४ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश झालेल्या या वऱ्हाडपुत्राच्या निवडीमागचा विचार निदान लोकांसमोर होता.

शिफारस स्वीकारली जावो वा फेटाळली जावो, तिची कारणे लेखी आणि उघड असावीत, आणि सरकारने नाव अडवून ठेवले तर त्याचीही असावीत, अशी मागणी अमरावती-अकोल्याच्या वकील संघांनी रीतसर ठराव करून लावून धरावी.